ज्या विहिरीचं त्या विहिरीत

सन एकोणीसशे बत्तीस. माझं वय चोवीस. मी तुरुंगात होतो, पण देशासाठी नव्हे. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण हल्ली माझ्या वयाचा जो भेटतो तो देशासाठीच आत गेलेला असतो. मी बांधासाठी गेलो. खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला आमचं भाताचं रान होतं. शेजाऱ्यानं दोन वर्षं आमचा बांध कोरला. तिसऱ्या वर्षी मी त्याच्या डोक्यात कुदळीचा दांडा घातला. तो जगला, एका कानानं बहिरा झाला. मला अडीच वर्षं सक्तमजुरी पडली. चोरी नाही, लबाडी नाही. कोर्टात विचारलं, पश्चात्ताप होतोय का? मी म्हणालो, आधी बांध सरळ करून द्या, मग सांगतो. त्या एका बोलण्यानं सहा महिने वाढले असं लोक म्हणतात. वाढू देत.

शाळा माझी मराठी दुसरीपर्यंत. अक्षर मोठं पडतं, पानावर दहा ओळी बसतात. पण ज्या माणसाविषयी लिहायचं आहे त्यांचं कुणी लिहिलेलं नाही, आणि मी गेल्यावर लिहिणारही कुणी नाही, म्हणून बसलो आहे. त्यांचं नाव देत नाही. नावासाठी त्यांनी काही केलं नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेवढं पुरे. तुरुंगाचंही नाव देत नाही. आमच्याच भागातला होता. भिंती सगळीकडं सारख्याच उंच.

नीट वागणाऱ्या कैद्याला तिथं बाकीच्यांवर देखरेखीला नेमत. त्याला मुकादम म्हणत. कमरेला चामडी पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला. दीड वर्षात तो पट्टा माझ्या कमरेला आला. रोज सकाळी आठ कैदी घेऊन मधल्या आवारातल्या विहिरीवर जायचं आणि पाणी ओढून बराकींचे हौद भरून घ्यायचे, हे माझं काम. मुकादमाला दर महिन्याला शिक्षेतले काही दिवस माफ होत. ते सगळे माफीचे दिवस धरून मी आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, चौथ्या दिवशी सुटणार होतो.

त्या दिवसावर माझा जीव टांगलेला होता. आमचं रान कुळाचं. घरात आई एकटी. दोन हंगाम तिनं शेजारपाजारची माणसं बोलावून पेरणी कशीतरी उरकली होती. शिमग्याच्या सुमारास मामा मुलाखतीला आला आणि जाळीच्या पलीकडनं म्हणाला, "मालक म्हंतोय, औंदाच्या धूळवाफेला घरचा गडी कुरीवर दिसला तर रान तुमचं. न्हायतर त्यो दुसरा बघणार."

धूळवाफ म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत भात पेरायचं, आणि कुरी म्हणजे ते पेरायची पाभर. आमच्याकडं आखिती झाली की कुरी बाहेर निघते आणि मृगाच्या आत पेरणी संपते. मी मामाला सांगितलं, "मालकाला म्हणावं, कुरी मीच धरणार हाय."

अण्णा आले ते त्याच्या आधी, थंडीत. त्या साली सत्याग्रहींची रांगच लागली होती. वकील, मास्तर, कॉलेजातली पोरं, व्यापारी. सगळे घोषणा देत आत यायचे. अण्णा आले ते खाली बघत, पायाखाली मुंगी आहे का हे पाहत. पन्नाशी उलटलेले, उंच, काटक, कानात सोन्याची बाळी होती ती फाटकातच काढून घेतली. निपाणीकडचे जैन शेतकरी. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावले की गप्प.

फाटकातल्या कारकुनानं विचारलं, "काय केलंस?"

"बसलो."

"बसलास म्हणजे?"

"शिंदीच्या झाडाबुडी बसलो."

कारकून माझ्याकडं बघून हसला. गोष्ट अशी होती की त्या वेळी दारूबंदीसाठी शिंदीची झाडं तोडायची चळवळ चालली होती. गावातली मंडळी कुऱ्हाडी घेऊन निघाली. अण्णा म्हणाले, झाडानं काय केलंय? झाड तोडायचं नाही. मग ते रोज पहाटे जाऊन झाडाला मिठी मारून बसायचे. शिंदी काढणारा आला की त्याला वर चढायला वाट नाही. असे ते एकवीस दिवस बसले. बाकीच्यांनी एका रात्रीत झाडं पाडली आणि पळून गेले. अण्णांचं झाड तेवढं उभं राहिलं आणि पोलिसांना सापडले तेही अण्णाच. एक वर्ष सक्तमजुरी.

"मग झाड हाय का आजून?" मी विचारलं.

"हाय की. त्येच्यावर आता सुगरणीचं घरटं हाय," अण्णा म्हणाले. जसं काही तेवढ्यासाठीच ते आत आले होते.

जैन माणूस दिवस मावळल्यावर जेवत नाही. तुरुंगातही दिवस मावळायच्या आत जेवण वाटून बराकी बंद करायचे. पहिल्याच दिवशी पाच वाजता भाकरी आली तशी अण्णा खूश झाले. म्हणाले, "सरकारला धर्म कळतोय म्हणायचा. तेवढं कांदा-लसणाचं कुणीतरी सांगा त्येला." आमटीत कांदा-लसूण असायचा, म्हणून ते कोरडी भाकरी मिठाला लावून खायचे. वर्षभर तेच.

त्यांना दळणाला लावलं. जोंधळा सगळा किडलेला, जात्यावर ओतला की सोंडे पळायचे. अण्णांनी जोंधळा जमिनीवर पसरला आणि एकेक किडा उचलून बाजूला ठेवायला लागले. संध्याकाळपर्यंत नेमून दिलेल्या दळणातलं पावभागही झालं नाही. मी म्हणालो, "अण्णा, शिक्षा होईल."

"होऊ दे की."

"ह्या किड्यापायी?"

"मी दळणार न्हाय म्हटलंय व्हय? किडं काढून द्या, रात-दिस दळतो."

तीन दिवस त्यांना हातकडी घालून भिंतीला उभं केलं. चौथ्या दिवशी सोडलं, ते परत जोंधळा पसरून बसले. तेव्हाचा जेलर म्हातारा होता, वैतागून म्हणाला, चाळून द्या रे ह्याला. एकट्याचा कसा चाळणार, सगळाच चाळला. त्या आठवड्यात साऱ्या तुरुंगाला किडा नसलेली भाकरी मिळाली. आम्ही खुनी, दरोडेखोर, डोकीफोडे. कुणीच त्यांना काही म्हणालं नाही, पण त्या दिवसापासून त्यांच्या अंथरुणावर कुणी पाय देईना.

त्यांच्या घरच्या रानातली गोष्ट त्यांच्याच गावच्या माणसानं मला नंतर सांगितली. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू. तंबाखूवर अळी पडते. लोक अळ्या वेचून चिरडतात. अण्णा वेचून बांधावर नेऊन सोडत. सोडलेली अळी परत आत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णा परत वेचत. शेजारी म्हणायचे, "अण्णाच्या बांधावर रोज अळ्यांची पंगत." त्यांचा तंबाखू दरसाल निम्मा यायचा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "निम्मा आला न्हवं?"

सुटल्यावरही हा स्वभाव तसाच. ते सुटले त्या दिवशी मी फाटकावर न्यायला गेलो होतो. घरी जायच्या आधी मला घेऊन थेट खडेबाजारात गेले आणि कापडाच्या दुकानात बसले. पाणी गाळायला फडकं पाहिजे होतं. दुकानदारानं एक दाखवलं, दोन दाखवली. अण्णा प्रत्येक कापड दुहेरी करून रस्त्यावर यायचे, डोक्यावर धरून सूर्याकडं बघायचे आणि परत आत जाऊन म्हणायचे, "सूर्य दिसतोय. नगं." आठव्या ताग्याला दुकानदार म्हणाला, "अण्णा, ह्याच्यात पाणी कसलं, वारा बी गाळून येतोय बघा!" अण्णांनी ते घेतलं.

आणि सत्तेचाळीस साली त्यांच्या गावात झेंडा लावायचा मान त्यांना दिला. चावडीपुढं खड्डा खणलेला, खांब उभा करायचा, शाळेची पोरं ओळीनं उभी, वरनं भुरभुर पाऊस. अण्णा खड्ड्यात वाकले ते वर येईनात. आत मुंग्यांचं वारूळ लागलं होतं. म्हणाले, "हितं न्हाय. चार हात पलीकडं घ्या." पाटील म्हणाले, "अण्णा, वेळ ठरल्याली हाय." अण्णा म्हणाले, "एवढी वर्षं थांबलासा, आता अर्धा तास थांबा की." नवीन खड्डा खणून झाला, मग झेंडा चढला. गावातली माणसं आजही म्हणतात, स्वराज्य सगळ्या देशात वेळेवर आलं, आमच्यात अर्धा तास उशिरा.

आता खरं सांगायचं ते पाण्याचं.

तुरुंगात पहिल्या दिवशीच त्यांनी आपल्या पंच्याची कड फाडून दुहेरी फडकं केलं. सरकारी कापड फाडलं म्हणून त्याचीही शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली आणि फडकं ठेवलं. हौदातलं पाणी त्या फडक्यातनं गाळून प्यायचे. एवढं मी समजू शकतो, आमच्यातही गाळतात. पण गाळून झालं की ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं एका करवंटीत हळूच खंगाळायचे. फडक्यात अडकलेले जीव त्या पाण्यात उतरतात. त्याला ते जिवाणी म्हणत. ती जिवाणी टाकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत नेऊन सोडायची. म्हातारा जेलर होता तोवर अण्णा रोज सकाळी माझ्या आठ कैद्यांच्या मागं करवंटी घेऊन विहिरीवर यायचे.

मी एकदा म्हणालो, "अण्णा, त्या पाण्यात तुमास्नी काय दिसतंय तरी काय?"

"दिसत न्हाय म्हणून तर गाळतो. दिसलं असतं तर बोटानं काढलं असतं."

"मग हितंच झाडाला वता की."

"झाडाच्या बुडात जगंल व्हय त्यो? त्येचं गाव हीर. खानापुऱ्या, तुला नेऊन पिरनवाडीच्या माळावर सोडला आणि म्हटलं, ऱ्हा आता हितंच, तर काय करशील?"

"चालत जाईन माझ्या गावाला."

"त्येला पाय न्हाईत," अण्णा म्हणाले.

चैत्रात जेलर बदलला. नवीन साहेब तरुण, कडक. त्याच आठवड्यात विहिरीवर गेलेल्या सत्याग्रही पोरांनी भिंतीपलीकडच्या बराकीला ऐकू जाईल अशा घोषणा दिल्या. साहेबानं हुकूम काढला, आजपासून कुठल्याही सत्याग्रहीनं विहिरीवर पाऊल ठेवायचं नाही, आणि मुकादमांनी त्यांची कसलीही वस्तू बराकीबाहेर न्यायची नाही.

अण्णांनी पाणी पिणं बंद केलं.

उपास नव्हे बरं. भांडण नाही, अर्ज नाही. सकाळी हौदापाशी आले, करवंटीकडं बघितलं आणि परत जाऊन दळायला बसले. उन्हाळा असा की बराकीच्या पत्र्याला हात लावला तर भाजायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्याग्रहींचे पुढारी, बेळगावचे एक वकील, त्यांच्याजवळ येऊन बसले. भला माणूस. म्हणाले, "अण्णा, आपला लढा सरकारशी आहे. पाण्यातल्या जंतूंसाठी प्राण घालवू नका. तो तुमचा खासगी धर्म झाला. देशाला तुम्ही जिवंत हवे आहात."

अण्णांचे ओठ वाळले होते. सावकाश म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी आमच्या गावात भाषाणाला आलतासा. कुणी कुणाला त्येच्या घरातनं उठवू नये, एवढंच त्यातलं मला समजलं. बाकीचं लई अवघड हुतं. मग म्हटलं, जेवढं समजलंय तेवढं करावं."

वकील उठले. जाताना माझ्याकडं बघितलं. का बघितलं ते मला त्या वेळी समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं.

मी अण्णांना म्हणालो, "गाळा पाणी. करवंटी मी न्हेतो."

"न्हेशील? तुझा पट्टा हाय."

"बघतो मी माझं."

त्यांनी पाणी गाळलं, करवंटी माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती अंगरख्याखाली धरून निघालो. विहिरीच्या वळणावर पहारेकरी उभा दिसला. माझ्या डोळ्यांपुढं आखिती आली, कुरी आली, आई आली. वळणाच्या अलीकडं गटार होती. मी करवंटी गटारीत उलटी केली. परत येऊन अण्णांना म्हणालो, "सोडलं."

"बरं केलंस," म्हणाले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याले. त्यांचा कंठ वर-खाली होताना मी बघत होतो.

असं दोन सकाळी केलं. मी खोटं बोलत नाही असं वर लिहिलं आहे. लबाडी नाही असंच लिहिलं आहे ना? ते बांधापुरतं खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दळताना अण्णांनी सहज विचारलं, "हिरीत वरनं वततोस की खाली सोडतोस?"

"म्हंजे?"

"वरनं वतू नगं. लई खोल हाय, पाण्यावर आपटत्यात. करवंटी बादलीत ठेवायची, बादली हळू सोडायची. पाण्याला टेकली की दोर सैल पडतोय. मग आपसूक बादली कलती. तवर धीर धरायचा. माझ्या आईनं शिकीवलंय."

मी जात्यापाशी उभा होतो. हा माणूस मी पाणी टाकलं का म्हणून विचारत नव्हता. किती उंचावरनं टाकलं एवढंच विचारत होता. मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. मी म्हणालो, "अण्णा, मी गटारीत वतलं. दोन्ही दिवस."

जातं थांबलं. अण्णांनी हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, "खोटं बोललास ते तुझं. पाणी प्यालो ते माझं." आणि जातं परत सुरू केलं.

दोन दिवसांचं पाणी प्याले होते, म्हणून त्यांनी दोन दिवस अन्न-पाणी काहीच घेतलं नाही. प्रायश्चित्त म्हणे. मी म्हणालो, "चूक माझी, उपास तुमी का?" त्यांनी जात्यात मूठभर जोंधळा टाकला. मी चिडून म्हणालो, "मग मी बी जेवत न्हाय." तेव्हा मात्र म्हणाले, "खा गप. कुरी धरायची हाय न्हवं तुला? उपाशी माणसाची कुरी वाकडी जाती." माझ्या रानाची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. बराकीत भिंतींनाही सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जात्यावरच आडवे झाले. डोळे उघडे, पण बघत नव्हते. दवाखान्याचा माणूस आला, त्यानं तोंडाला पाणी लावलं, अण्णांनी दात घट्ट धरले. त्या मुठीएवढ्या तोंडात एवढी ताकद कुठनं आली कुणास ठाऊक. दवाखान्याचा माणूस मला म्हणाला, "अजून एक दिवस. त्यापुढं माझ्या हातात नाही."

सकाळ झाली. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, फडकं पुढं टाकलं आणि म्हणालो, "गाळा."

"कोण न्हेणार?"

"मी."

"खानापुऱ्या, तुझी आखिती..."

"गाळा म्हंतो न्हवं!" मी ओरडलो. आठी कैदी बघायला लागले.

अण्णांनी फडकं धरलं ते नीट. दुहेरी केलं, खोलगट केलं, पाणी गाळलं, उलटं करून खंगाळलं, थेंब बाहेर जाऊ दिला नाही. मला वाटलं होतं, आता तरी विचारतील, खरं न्हेशील ना? विचारलं नाही. करवंटी माझ्या हातात दिली, जशी पहिल्यांदा दिली होती तशीच.

ह्या वेळी अंगरख्याखाली धरली नाही. दोन्ही हातांत, छातीपुढं धरून चाललो, सांडू नये म्हणून. वळणावरच्या पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. मी चालत राहिलो. करवंटी बादलीत ठेवली, बादली हळूहळू सोडली. विहीर खोल होती. दोर सैल पडला, बादली कलली. मी वर ओढून घेतली आणि मागं वळलो तर नवीन जेलरसाहेब उभे.

"काय टाकलंस विहिरीत?"

"पाणी टाकलं साहेब."

"विहिरीत पाणी?"

"त्यातलंच हुतं. जीव हायत म्हंत्यात त्यात, ते परत सोडलं."

"तू जैन आहेस?"

"न्हाय. मराठा."

"मग?"

"मग काय न्हाय."

साहेबांना मी चेष्टा करतो असं वाटलं असावं. त्यांनी तिथंच माझा पट्टा उतरवून घेतला. पंधरा दिवसांची माफी कापली. म्हणाले, "विहिरीची एवढी हौस आहे तर उद्यापासून तूच दोर ओढ. आणि पुन्हा हे दिसलं तर उरलेली माफी सगळी जाईल. एका सहीनं. समजलं?"

समजलं होतं. पंधरा दिवस गेले तरी मी मृगाच्या आत सुटत होतो. धावत गेलो असतो तर पेरणी गाठली असती. सगळी माफी गेली असती तर आषाढ उजाडणार होता.

बराकीत आलो. अण्णांनी माझ्या कमरेकडं बघितलं.

"पट्टा?"

"गेला."

"आखिती?"

"हुकली. मृगाच्या आधी सुटतो."

मग ते पाणी प्याले. सावकाश, मधे थांबत, तांब्या रिकामा होईपर्यंत. खाली ठेवला आणि आधी कानडीत, मग मराठीत म्हणाले, "साकु. पुरे झालं. उद्याचं मी माझं बघतो. तू जा कुरी धरायला."

उद्याचं ते कसं बघणार होते ते मला माहीत होतं. परत दात घट्ट धरणार होते.

आता उगाच ताणत नाही. रान गेलं. मी सुटलो तेव्हा आमच्या बांधाच्या आत दुसऱ्याचं भात गुडघ्याएवढं वाढलं होतं, आणि बांध सरळ केलेला होता, ते बघून मात्र हसू आलं. पुढं दोर ओढणाऱ्या आठी जणांनी करवंटीची पाळी लावून घेतली. दरोड्यातला एक होता, तो तर करवंटी नेताना अनवाणी जायचा. किती जणांची माफी कापणार? साहेबांनी त्या बाजूला बघायचं सोडून दिलं. अण्णा आपलं वर्ष पुरं करून सुटले आणि मला निपाणीला घेऊन गेले. तिथं मी आधी त्यांच्या रानात आणि मग तंबाखूच्या वखारीत हमाली करून जन्म काढला. आई शेवटपर्यंत म्हणायची, एका करवंटीपायी रान घालवलंस. मी म्हणायचो, घालवलं न्हाय, दिलं. ती म्हणायची, एकच. अण्णांनी मात्र ह्या गोष्टीचा उल्लेख कधी केला नाही, आभार मानले नाहीत. मीही मागितले नाहीत.

पण हे सगळं पुढचं. पट्टा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा आठ जणांना ओळीत उभं केलं. माझा पट्टा कालपर्यंत दोर ओढणाऱ्या एकाच्या कमरेला होता. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, फडकं घडी करून मांडीवर, करवंटी पालथी. साहेब विहिरीजवळ खुर्ची टाकून बसलेले दिसत होते. मी ओळ सोडून अण्णांपुढं गेलो, करवंटी उताणी केली आणि हौदातलं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फडकं उलगडलं. करवंटी भरल्यावर मी ती दोन्ही हातांत धरून साहेबांच्या खुर्चीपुढनं गेलो, बादलीत ठेवली आणि बादली खाली सोडायला लागलो. दोर हातातनं सरकत होता. मी घाई केली नाही. दोर सैल पडेपर्यंत थांबलो, मग बादली भरू दिली आणि ओढली. करवंटी रिकामी होऊन पाण्यावर तरंगत वर आली.